यादी फ्रिजवरून काढा, मटार सोलायला बसा

प्रश्न डोंबिवलीच्या एका आईचा आहे. मुलगा आठवीत, मुलगी दुसरीत. दोघं नवरा-बायको नोकरी करतात. ती सातच्या सुमारास घरी येते, नवरा सव्वानऊला. सासूबाई सोबत असतात. दर ३१ डिसेंबरला 'यंदा मुलांना वेळ द्यायचा' असं ठरवून ती यादी करते, फ्रिजवर लावते आणि संक्रांतीपर्यंत त्या यादीवर विजेचं बिल चिकटलेलं असतं. यंदाची यादीही तिने पाठवली आहे. तिला विचारायचंय की ठरवून पालकत्व करायचं म्हणजे नक्की काय करायचं, मोबाईलचं काय करायचं, आणि हे सगळं १ तारखेला मुलांना एकत्र बसवून सांगायचं का.

ताई, यादी वाचली. झोप दहाला. मोबाईल एकच तास. रोज दहा पानं वाचन. मुलाने आठवड्यातून तीनदा मैदानावर जायचं. रोज एकत्र जेवण. रविवार म्हणजे फॅमिली डे. आणि सगळ्यात शेवटी, ओरडायचं नाही. सात कलमं झाली. पहिली चार मुलांनी काय करायचं त्याची, पुढची दोन सगळ्या घराची. तुमच्या एकटीच्या वाट्याचं कलम एकच, आणि तेही काय करायचं नाही याचं.

गाडी सर्व्हिसिंगला टाकताना आपण मेकॅनिकला सांगतो ना, ब्रेक बघा, हॉर्न वाजत नाही, मागच्या चाकातून आवाज येतो, तशी ही यादी झाली आहे. पालकत्वाचा संकल्प लिहायला बसतो आणि मुलांच्या दुरुस्त्या लिहून उठतो. बावीस वर्षं मी ठाण्यात पालकांचं आणि मुलांचं समुपदेशन करते. जानेवारीत माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक याद्या याच जातीच्या असतात. माझी स्वतःचीही होती, ते पुढे सांगते.

ठरवून पालकत्व म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेळापत्रक येतं. माझ्या लेखी त्यात दोनच गोष्टी आहेत. दिवसातली एक छोटीशी वेळ अशी राखायची, की तेव्हा मुलाकडून आपल्याला काहीही नको असेल. अभ्यास नको, शिस्त नको, उत्तरही नको. आणि दुसरी गोष्ट, भांडण झालं की परत जवळ जायचं काम मोठ्यांनी करायचं. झोप, वाचन, मैदान हे सगळं हवंच आहे, पण ते या दोन्हींच्या जोरावर चालतं. तुम्ही दरवर्षी वरचा मजला आधी बांधता.

१ तारखेच्या आधी एक काम करा. कुठल्याही एका संध्याकाळी, घरात शिरल्यापासून मुलं झोपेपर्यंत तुम्ही त्यांना जे जे बोलता ते कागदावर टिपत जा. सगळं जमणार नाही, जमेल तेवढं. माझ्याकडे येणाऱ्या एका वडिलांनी हे केलं होतं (इथल्या सगळ्याच उदाहरणांत ओळखीचे तपशील बदलले आहेत). गृहस्थ हिशेबाच्या कामातले, कागदावर नीट रकाने आखून आणले होते. सव्वीस वाक्यं. चोवीस एकतर हुकूम, नाहीतर चौकशी. उरली दोन, त्यातलं एक 'गुड नाईट' आणि दुसरं 'सरक जरा'. वाचून दाखवताना आधी हसले. मग म्हणाले, "सरक जरा हाही हुकूमच आहे हो."

तुमच्याकडे बहुधा असं होत असेल. सात वाजता लॅच उघडतं, एक चप्पल पायात असतानाच तुम्ही विचारता, "क्लासला गेलास? डबा संपवलास? हे दप्तर इथे कोणी टाकलं?" तुम्ही काळजीनेच विचारता, मला ठाऊक आहे, लोकलमध्ये उभ्या उभ्या तुम्ही याच गोष्टींचा विचार करत आलेल्या असता. पण त्याच्या कानाला आई आली म्हणजे तपासणी आली असंच ऐकू येतं. मग तो आतल्या खोलीतून बाहेरच येत नाही आणि तुम्ही मला लिहिता की मुलगा हल्ली बोलत नाही.

म्हणून घरात शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं शाळा, क्लास, डबा, दप्तर यातलं काही विचारायचं नाही. चहा टाका, बसा. बोलायला काही सुचलं नाही तर स्वतःचं सांगा. "आज दिव्याला गाडी वीस मिनिटं उभी होती, एक बाई अख्ख्या डब्याला चिक्की वाटत होत्या." आपण मुलांकडून रोजचा अहवाल मागतो आणि आपल्या दिवसाचं एक अक्षर त्यांना देत नाही. 'शाळा कशी झाली' याला 'ठीक' हे उत्तर येणारच. तुमच्या मिस्टरांना 'ऑफिस कसं झालं' विचारून पाहा, तेही तेच म्हणतील. दुसरीतल्या मुलीला विचारायचंच असेल तर "आज वर्गात ओरडा कोणाला बसला?" असं विचारा. हा प्रश्न फुकट गेलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता मुलीचं. तिच्यासाठी रोज पाच मिनिटं.

हा आकडा मनाचा नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकात कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसशास्त्रज्ञ आई आणि मुलाला एकत्र खेळायला बसवून आईला तिथल्या तिथे शिकवत. पुढे १९७०च्या दशकात शीला आयबर्ग यांनी त्यातून एक उपचारपद्धती उभी केली, साधारण दोन ते सात वर्षांच्या, घरात सतत धुसफुस चाललेल्या मुलांसाठी. त्यात आई-वडिलांना घरी करायला गृहपाठ असतो, रोज पाच मिनिटं खेळ, आणि त्या खेळाचं पुढारीपण मुलाकडे. मोठ्यांनी त्या वेळात हुकूम सोडायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल जे करतं ते पाहायचं, ते शब्दांत सांगायचं आणि त्याच्या मागे मागे जायचं.

ऐकायला सोपं आहे. माझ्या खोलीत एक आई सहा वर्षांच्या लेकीबरोबर भातुकली घेऊन बसली होती. मुलीने पातेल्यात लाल ठोकळे टाकले. आई लगेच म्हणाली, "काय करतेस? टोमॅटोचं सार?" मुलगी म्हणाली, "नाही, चहा." "चहा लाल असतो का गं? आणि गॅस कुठे पेटवलास? आधी गॅस, मग पातेलं. किती ठोकळे घातलेस, मोज बघू." दीड मिनिट झालं असेल. मुलगी उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, हिचं कशात लक्षच लागत नाही."

आम्ही तेच पुन्हा केलं. यावेळी आईला मी इतकंच सांगितलं की प्रश्नचिन्ह वापरायचं नाही. ठोकळे पडले. आई गप्प. तिला किती जड गेलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "लाल ठोकळे पातेल्यात पडले." मुलीने मान वर करून एकदा पाहिलं. "आणि आता झाकण." मुलगी म्हणाली, "हा बाबांचा चहा आहे. बाबा रागावलेत ना, म्हणून लाल." आईचे डोळे भरले. आदल्या रात्री घरात काय झालं होतं ते मला त्यानंतर कळलं. प्रश्न विचारून ते आम्हाला महिनाभर कळलं नसतं.

तेव्हा घड्याळ लावून पाच मिनिटं बसा, कुकर होईपर्यंत. खाली जमिनीवर, तिच्या उंचीला. तिने सांगितलं तुम्ही मांजर, तर तुम्ही मांजर. ती हरताना चिडली किंवा नियम बदलले तरी त्या पाच मिनिटांत पंचगिरी नको. आणि शिक्षा म्हणून ही वेळ कधीही काढून घेऊ नका. 'आज वाईट वागलीस म्हणून आज खेळ नाही' म्हटलंत की ते बक्षीस होऊन बसतं. ज्या दिवशी ती जास्त त्रास देते त्या दिवशी तिला ही पाच मिनिटं जास्त लागतात. सुरुवातीला ती घड्याळ संपल्यावर रडेल. "उद्या पुन्हा" म्हणा आणि उद्या खरंच बसा. चार-सहा दिवसांत रडणं कमी होतं.

मुलाचं प्रकरण वेगळं आहे. तेरा वर्षांच्या मुलासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून "बोल, मनात काय आहे ते सांग" म्हटलंत की तो पळून जाणार. त्या वयाची मुलं समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी शेजारी बोलतात. स्कूटरवर मागे बसून बोलतात. रात्री साडेदहाला, तुमचे डोळे मिटत असताना बोलतात; त्या वेळी "आता झोप, उद्या बोलू" म्हणालात तर तो उद्या येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा झोपेची पंधरा मिनिटं त्यात गेली तर जाऊ द्या, तुमच्या यादीतलं दहाचं कलम मोडलं तरी चालेल.

आणि थंडी आहे, मटार आलेत. एक किलो आणा. खाली पेपर पसरा, दोन पातेली ठेवा, एक सालांचं, एक दाण्यांचं, आणि त्याला हाक मारा. "अभ्यास सोडून ये" असं नाही, "दहा मिनिटं हात दे" असं. तो कुरकुरेल, येईल. पहिली पाच मिनिटं दाणे पातेल्यापेक्षा तोंडातच जास्त जातील. बोलू नका. दोघांची नजर शेंगांवर असते, हात कामात असतात, कोणालाही कोणाच्या चेहऱ्याकडे पाहायचं नसतं. मग कधीतरी तो शेंग फोडता फोडता म्हणेल, "आमच्या वर्गातल्या एकाला शाळेतून काढणारेत बहुतेक."

इथे फार सांभाळायचं असतं. हात थांबवू नका. तुम्ही शेंग खाली ठेवून त्याच्याकडे वळलात की तो गप्प झाला म्हणून समजा. "हं" म्हणा. सोलत राहा. "अगं, मोबाईल आणला होता त्याने." "हं." "त्यात व्हिडिओ होते." या क्षणी तुमच्या जिभेवर जे वाक्य येईल ते म्हणजे "तू नव्हतास ना त्यात?" ते गिळा. ते विचारलंत तर 'नाही' हे एका शब्दाचं उत्तर मिळेल आणि तो हात धुवायला उठेल. त्याऐवजी "मग? तुम्हा मुलांना काय वाटलं?" इतकंच. तो त्यात होता की नव्हता हे तुम्हाला पुढच्या दहा मिनिटांत न विचारता कळेल, नाहीतर पुढच्या किलोला कळेल. उपदेश करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी करा. त्याच बैठकीत केलात तर पुढच्या वेळी मटार तुम्हाला एकटीलाच सोलावे लागतील.

मटाराचा मोसम संपला की कैऱ्या येतील, कपड्यांच्या घड्या तर बारा महिने असतात.

तो मोबाईलवर गेम खेळतो याबद्दल तुम्ही बरंच लिहिलं आहे. एकदा त्याच्या शेजारी बसून त्याला तो गेम शिकवायला सांगा. खरोखर शिका, दोनदा हरा. वेळेची मर्यादा हवी, मी नाही म्हणत नाही, पण जो खेळ काय आहे हेच माहीत नाही त्याच्यावर तुम्ही बंदी घालायला निघालात तर तो तुमचं का ऐकेल? सामना अर्ध्यात सोडता येत नाही हे एकदा कळलं की तुम्ही 'आत्ता बंद कर' म्हणण्याऐवजी 'हा सामना झाला की बंद' म्हणाल. घरातली अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

मोठ्यांच्या मोबाईलबद्दल यादीत काही नाही, म्हणून ते मीच घालते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई तान्ह्या बाळाशी हसते, बोलते. मग सांगितल्यावर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते, समोर बसूनच. बाळ आधी हसून पाहतं, मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं, शेवटी मान फिरवून घेतं. आई तिथेच आहे आणि तरीही नाही, हे त्या बाळाला सोसत नाही. मोबाईलमध्ये पाहणारा चेहरा बराचसा तसाच असतो. तुमची मुलं तान्ही नाहीत, पण दुसरीतली मुलगी "आई, आई, आई" असं तीनदा का म्हणते ते यावरून कळेल.

मोबाईल टोपलीत टाकण्याचा प्रयोग बहुतेक घरांत आठवडाभर टिकतो. चार्जिंगची जागा ठरवलीत तर जास्त टिकतं. दाराजवळ चपलांच्या कपाटावर एक बोर्ड असेल तर तिथे, जेवणाच्या तासाभरात घरातले सगळे फोन. सगळे म्हणजे तुमचे, मिस्टरांचे, आणि सासूबाईंची मालिकाही त्या तासात बंद. ऑफिसचा फोन घ्यावाच लागणार असेल तर मुलांना सांगून घ्या, "महत्त्वाचा आहे, सात मिनिटांत येते", आणि सात मिनिटांत या.

मिस्टर सव्वानऊला येतात, त्यांना वेळच नाही, असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे. थोडं थांबून विचार करा, त्यांना वेळ नाही की त्या घरात त्यांच्या वाटची जागा नाही? अनेक घरांत वडील येतात तेव्हा जेवण, अभ्यास, भांडण सगळं उरकलेलं असतं आणि त्यांच्यासाठी फक्त 'तुम्हीच सांगा आता याला' एवढं शिल्लक ठेवलेलं असतं. दिवसभराची तक्रार त्यांच्या हातात देऊ नका. त्यांना एक काम द्या जे त्यांचंच असेल, तुम्ही त्यात पडायचं नाही. मुलीला झोपवताना गोष्ट त्यांची. किंवा रविवारी सकाळी मुलाला घेऊन वडापाव आणायला चालत जायचं, येताना लांबच्या रस्त्याने. कोकणातल्या कितीतरी पिढ्यांचे वडील चाकरमानी म्हणून मुंबईत राहत आणि गणपतीला, शिमग्याला गावी जात. ती मुलं वडिलांना ओळखतच नव्हती असं नाही. ज्यांच्या वडिलांची पत्रं यायची आणि पत्रात त्यांच्यासाठी वेगळ्या दोन ओळी असायच्या, त्यांना त्या ओळी म्हातारपणीही तोंडपाठ असतात, हे मी त्या पिढीतल्या लोकांकडून ऐकलेलं आहे. तेव्हा सव्वानऊ हा काही फार उशीर नाही.

आता सासूबाई. मुलं त्यांच्याशी बोलत नाहीत म्हणता. तुम्हीच लिहिलंय की सासरे लालबागला गिरणीत होते आणि संपानंतर सगळे डोंबिवलीला आले. मुलाला हे माहीत आहे का? किती माहीत आहे?

अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हश यांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा कसे भेटले, तुझं नाव कोणावरून किंवा कशावरून ठेवलं, अशा धर्तीचे. ज्या मुलांना घराच्या अशा गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांचा आत्मविश्वास चांगला दिसला आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असंही त्यांना जास्त वाटत होतं. आता म्हणून वीस उत्तरं पाठ करून घेऊ नका; आपल्याकडे त्याचेही क्लास निघतील. फायदा माहितीचा नसतो, ती माहिती ज्या बैठकीत, ज्या जेवणात कानावर पडते तिचा असतो. ड्यूक यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. 'आम्ही कसे वर आलो' एवढीच गोष्ट मुलांना तितकी उपयोगी पडत नाही. वर गेलो, खाली आलो, पुन्हा उभे राहिलो, ही जास्त कामाची.

तुमच्या घरात ती गोष्ट तयार आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. सासूबाईंना विचारा, त्या महिन्यांत घरात काय शिजायचं, दागिना कोणता विकला, सासऱ्यांनी नंतर काय काय कामं केली. मुलांसमोर विचारा. गणितात नापास झालेल्या मुलाला 'प्रयत्न कर, यश मिळेल' यापेक्षा 'तुझ्या आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते पस्तिशीचे होते, वर्षभर भाजी विकली' हे जास्त आधार देतं. त्यात शिकवण सांगायची नाही. आजीला सांगू द्या आणि तिथेच सोडून द्या.

आता ओरडण्याकडे येते, कारण तुमच्या सात कलमांतलं हेच सगळ्यात आधी मोडणार आहे. मोडू द्या.

माझी मुलगी दहावीत होती. जानेवारीच होता, पूर्वपरीक्षेचे पेपर मिळत होते. मी एका शाळेत पालकांसमोर मुलांशी संवाद या विषयावर दीड तास बोलून घरी आले. टेबलावर बीजगणिताचा पेपर, ४० पैकी १७. मी पर्सही खाली ठेवली नव्हती. काय काय बोलले ते लिहिणार नाही, पण 'लाज' हा शब्द त्यात होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, भाषण कसं झालं?" आणि आत जाऊन दार लावलं.

रात्रभर मी मनात खुलासे तयार केले. मी दमलेली होते, तिनेही आधी सांगायला हवं होतं, वगैरे. सकाळी चहा घेऊन तिच्या दाराशी गेले आणि त्यातलं काहीही न बोलता म्हटलं, "काल मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. तो शब्द मी वापरायला नको होता." तिने चहा घेतला. बोलली नाही. चार दिवसांनी स्वतःहून सांगितलं की त्या पेपरला पहिलं गणित अडलं आणि मग पुढचं काही दिसेनाच. १७ गुणांमागची खरी गोष्ट ती होती. मी दार वाजवलं नसतं तर ती मला मार्चमध्ये, बोर्डाच्या पेपरानंतर कळली असती.

माफीत 'पण' येऊ देऊ नका. "मी ओरडले, चुकलं माझं, पण तूसुद्धा..." यात माफी 'पण'च्या आधी संपलेली असते. आणि माफी मागितली की मूल लगेच विरघळेल अशी अपेक्षाही नको. मागायची, चहा ठेवायचा, निघून यायचं. आई-वडिलांनी माफी मागितली तर मुलं डोक्यावर बसतील असं सासूबाई म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना चार महिने पाहू द्या.

वर ज्या ट्रॉनिकचं नाव घेतलं, त्याच्या संशोधनातला आणखी एक आकडा मी प्रत्येक आईला सांगते. चांगलं जमणाऱ्या आई-बाळांचेही सूर एका वेळी साधारण तीस टक्केच जुळलेले असतात. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. म्हणजे सतत जुळलेलं राहणं हे कुणाचंच नसतं. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५०च्या दशकातच 'पुरेशी चांगली आई' असा शब्द वापरला होता. परिपूर्ण नाही, पुरेशी. हा शब्द मला मराठीत फार आवडतो, वाढताना 'पुरे' म्हणतो तसा.

सातत्याबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते तपासलं होतं. सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. १ जानेवारीपासून ६६ दिवस म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. तुम्ही संक्रांतीला हार मानता, पंधराव्या दिवशी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. मेगाब्लॉक असेल, पाहुणे असतील, तुम्हाला ताप असेल. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही. आणि अगदीच सगळं सुटलं तर आपल्याकडे नव्या वर्षांना तोटा नाही. पाडवा आहे, जूनमध्ये शाळा आहे, दिवाळीचा पाडवा आहे.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नका. मुलाची झोप किंवा भूक आठवडे बिघडलेली असेल, आवडती गोष्टही त्याने सोडली असेल, मित्र तोडले असतील, 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही तो बोलला असेल, तर तिथे मटार आणि खेळ पुरणार नाहीत. त्याला तुम्हीच सरळ, शांतपणे विचारा आणि लगेच तज्ज्ञांकडे जा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मुलांसाठी १०९८ आहे. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, तरी नंबर जवळ असू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न. १ तारखेला मुलांना एकत्र बसवून हे सगळं सांगायचं का? नाही. घोषणा केलीत की मुलं तुमची परीक्षा घ्यायला बसतात, आणि आठवीतला तर तिसऱ्या दिवशी "झालं का तुझं नवीन वर्ष?" असं विचारतोच. फोनच्या जागेचं तेवढं जेवताना एका वाक्यात सांगा आणि पहिला फोन तुम्ही ठेवा. बाकी यादी फ्रिजवरून काढा, १ तारखेची वाट न पाहता एखाद्या साध्या मंगळवारी येताना स्टेशनबाहेरून मटार घ्या.

तो ओळखेलच काहीतरी शिजतंय ते. विचारेल, "आई, तू कुठला व्हिडिओ बघितलास का?" खोटं बोलू नका. "नाही रे, एका बाईंना विचारलं होतं" म्हणा, आणि सालांचं पातेलं त्याच्याकडे सरकवा.